वसुदेवाचा प्याला आणि हंसातला तारा

दसऱ्याच्या सुमारास खळे चोपून आणि सारवून झाले, पायाला ओल लागेनाशी झाली, की मी माळ्यावरून दुर्बीण खाली उतरवतो. सहा इंची आरशाची, लाकडी बैठकीवर फिरणारी साधी डॉब्सोनियन आहे. जून ते सप्टेंबर ती जुन्या गोधडीत गुंडाळलेली असते आणि तिचे आयपीस घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, मसाल्याच्या बरण्यांशेजारी चार महिने काढतात. आंजर्ल्याच्या खाडीपासून आमचे घर फार लांब नाही. खारा वारा आणि दमट हवा यांनी एका पावसाळ्यात माझ्या पहिल्या आयपीसच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी उठवली, तेव्हापासून हा डबा आला. दुर्बीण खळ्यात आली की आई ओटीवरून विचारते, "निघालास काय रे तुझा तारा मोजायला?" मी हो म्हणतो, कारण त्या पहिल्या रात्री मी दुसरे काहीच पाहत नाही.

हा तारा म्हणजे हंस तारकासमूहातील एस एस सिग्नी. एरवी त्याची प्रत, म्हणजे तेजाचे माप, १२ च्या आसपास असते. प्रतींची मोजणी उलटी चालते, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना अगदी काळोख्या रात्री जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षाही हा सुमारे अडीचशे पटींनी मंद असतो. आणि मग साधारण सात आठवड्यांनी कधीतरी, बहुधा दिवसा-दीड दिवसात, तो आठव्या प्रतीपर्यंत चढतो. १२.२ वरून ८.३ वर येणे म्हणजे तेजात सुमारे ३६ पटींची वाढ. आदल्या रात्री दुर्बिणीतून डोळे ताणून पाहावा लागणारा ठिपका दुसऱ्या-तिसऱ्या रात्री साध्या द्विनेत्रीतही सापडतो. आठवडाभर, कधी दोन-अडीच आठवडे तो तसा राहतो आणि मग चढला त्याहून सावकाश खाली उतरतो. सात आठवडे ही केवळ सरासरी आहे. कधी चार आठवड्यांतच पुढचा भडका उडतो, कधी दहा आठवडे वाट पाहावी लागते. म्हणून त्याला नियतकालिक म्हणताना माझी जीभ जराशी अडखळते. तो गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यासारखा आहे: येणार हे नक्की, कोणत्या गाडीने ते मात्र कळवणार नाही.

त्याचे नाव एस एस असे का, हे मला अनेकांनी विचारले आहे. एखाद्या तारकासमूहातील रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांना सापडतील त्या क्रमाने रोमन अक्षरे देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात आर्गेलांडर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने पाडली. आर पासून झेडपर्यंतची अक्षरे संपल्यावर दोन-दोन अक्षरांच्या जोड्या सुरू झाल्या आणि हंसातल्या या ताऱ्याच्या वाट्याला एस एस ही जोडी आली, इतकाच त्याचा अर्थ. तो सापडला १८९६ मध्ये. हार्वर्ड कॉलेज वेधशाळेत आकाशाच्या काचेच्या छायापट्टिका तपासण्याचे काम करणाऱ्या स्त्रियांपैकी लुईझा वेल्स यांच्या तो लक्षात आला. त्या वर्षापासून आजवर त्याचा जवळजवळ एकही उद्रेक माणसाच्या नजरेतून सुटलेला नाही, आणि अशा उद्रेकांची संख्या आता नऊशेच्या घरात जाते. एका ताऱ्यावर सव्वाशेहून अधिक वर्षे अखंड पाळत ठेवली गेली आहे, आणि ती ठेवणाऱ्यांत बहुतेक हौशी माणसे आहेत, हे कळल्यावरच मी या नादाला लागलो.

ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री आठ वाजता हंस आमच्या खळ्यातून उत्तरेकडे उंच दिसतो. एस एस सिग्नी मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या वाटेतल्या सर्वांत उंच जागी, येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ६४ अंशांवर असतो. हंसातल्या ठळक डेनेब ताऱ्यापासून पूर्वेकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतराहून किंचित पुढे गेले की पाचव्या प्रतीचा ७५ सिग्नी भेटतो आणि त्याच्या ईशान्येस, चंद्राच्या बिंबाएवढ्या अंतराहून थोडा पलीकडे, आपला तारा. लिहायला हे सोपे आहे. पहिल्या वर्षी मी तीन आठवडे निष्ठेने चुकीच्या ताऱ्याच्या नोंदी केल्या. आरशाच्या दुर्बिणीतून आकाश उलटे दिसते, वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे. माझ्या हातातला नकाशा सुलटा होता आणि मी तो फिरवून धरायला विसरलो होतो. माझा १२ व्या प्रतीचा तारा २१ दिवसांत केसभरही हलला नाही, तेव्हा मला वाटले की आपले वेध फारच अचूक येत आहेत. खरा तारा त्या काळात चढून, मिरवून पुन्हा उतरूनही गेला होता. त्या वहीची ती पाने मी अजून फाडलेली नाहीत.

तेज मोजण्याची रीत मात्र इतकी साधी आहे की तिला काही उपकरण लागत नाही. नकाशावर भोवतालच्या स्थिर ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात; त्यांत दशांशचिन्ह मुद्दाम गाळतात, कारण तो ठिपका एखाद्या ताऱ्याचा समजला जाऊ शकतो, त्यामुळे ९.६ प्रतीचा तारा नकाशावर ९६ असा लिहिलेला असतो. आपल्या ताऱ्यापेक्षा किंचित तेजस्वी एक आणि किंचित मंद एक असे दोन शेजारी निवडायचे आणि त्या दोघांच्या दरम्यान आपला तारा कुठे बसतो याचा अंदाज करायचा. बाजारात सुपारीची प्रतवारी करणारा माणूस दोन नगांमधला फरक नजरेने सांगतो, त्यातलाच हा प्रकार. सरावाने एक-दशांश ते दोन-दशांश प्रतीपर्यंत नजर बसते. मग वेळ लिहायची ती ज्युलियन दिवसांत, म्हणजे खगोलशास्त्रातल्या सलग दिवसमोजणीत. हा दिवस जागतिक वेळेनुसार दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे भारतातल्या निरीक्षकाची अख्खी रात्र एकाच दिवसाच्या आकड्याखाली येते. दिवेलागणीच्या थोडे आधी तारीख बदलणे मला पहिल्यापासूनच आवडले.

आता या ताऱ्यात घडते काय, याकडे वळतो. एस एस सिग्नी हा एक तारा नाही, दोन आहेत. १९५६ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेच्या आल्फ्रेड जॉय यांनी त्याच्या वर्णपटातील रेषांच्या हालचालींवरून हे दाखवून दिले. जोडीतला एक श्वेत बटू आहे: आपले इंधन संपवून आटलेला, आकाराने पृथ्वीच्या तोडीचा, पण वस्तुमानाने जवळपास सूर्याएवढा. दुसरा सूर्यापेक्षा थंड, नारिंगी छटेचा, अजून नेहमीसारखा जळणारा लहान तारा. हे दोघे एकमेकांभोवती सुमारे ६ तास ३६ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात, म्हणजे मुंबईहून सुटलेली एसटी दापोलीला पोहोचेपर्यंत त्यांचे एक वर्ष होते. दोघांच्या केंद्रांमधले अंतर साधारण सूर्याच्या व्यासाएवढेच आहे. ही अख्खी जोडी सूर्यमालेत आणून ठेवली तर बुधाच्या कक्षेत तिच्यासाठी भरपूर मोकळी जागा उरेल.

इतक्या जवळिकीचा परिणाम असा, की नारिंगी ताऱ्याचा आकार गोल राहिलेला नाही. श्वेत बटूच्या ओढीने तो थेंबासारखा लांबट झाला आहे आणि थेंबाच्या टोकाशी, जेथे दोघांची ओढ तोलली जाते त्या बिंदूतून, त्याचा वायू अखंड पाझरत असतो. हा वायू सरळ श्वेत बटूवर पडत नाही. फिरत्या जोडीतून निघाल्यामुळे तो स्वतःबरोबर फिरण्याची गती घेऊन येतो आणि श्वेत बटूभोवती घिरट्या घालत राहतो. त्याची एक पसरट चकती बनते. नव्याने येणारी धार चकतीच्या कडेवर आदळते तेथे एक तप्त डाग तयार होतो. चकतीतल्या वायूला आत सरकायचे असेल तर आपली फिरण्याची गती कोणाला तरी देऊन टाकावी लागते. थरांच्या परस्पर घर्षणातून ती बाहेरच्या थरांकडे जाते. सगळी मेख या घर्षणात आहे.

आमच्या देवघरात पणजीच्या काळचा एक पितळी प्याला आहे. त्याच्या मध्यभागी डोक्यावर बाळकृष्णाची टोपली घेतलेला वसुदेव उभा आहे. प्याल्यात पाणी ओतत गेले की ते वसुदेवाच्या कमरेपर्यंत, छातीपर्यंत चढते. ओतणारा थांबला तर पाणी तसेच राहते, एक थेंब गळत नाही. पण पाणी कृष्णाच्या अंगठ्याला लागले की यमुना उतरते: प्याल्याच्या बुडातून धार सुरू होते आणि पाणी तळाला जाईपर्यंत थांबत नाही. वसुदेवाच्या पोटात उलट्या यू आकाराची बारीक नळी दडवलेली असते, एवढेच त्याचे रहस्य. लहानपणी मी बारीक धारेने त्यात पाणी सोडून तासन्‌तास बसत असे. धार एकसारखी, पण खालून निघणारे पाणी मात्र थांबून थांबून येणारे. भरण्याची मर्यादा वर, रिकामे होण्याची मर्यादा खाली, आणि या दोहोंच्या मध्ये असताना पाणी चढत आहे की उतरत आहे हे नुसत्या पातळीवरून ओळखता येत नाही. आधी काय घडले होते ते ठाऊक असावे लागते.

एस एस सिग्नीच्या चकतीत नळीचे काम हायड्रोजन करतो. शांत अवस्थेत चकतीचे तापमान काही हजार अंश असते, हायड्रोजनचे अणू अखंड असतात, घर्षण कमी असते. जितका वायू पाझरून येतो तितका आत सरकत नाही, म्हणून तो चकतीत साठत जातो आणि ती हळूहळू तापत जाते. एखाद्या जागी तापमान असे होते की हायड्रोजनच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटू लागतात. अशा अर्धवट आयनीभूत वायूची अपारदर्शकता झपाट्याने वाढते, आतली उष्णता बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे तापमान आणखी चढते, आणखी अणू फुटतात, आणि पाहता पाहता तो भाग दहा हजार अंशांच्या पलीकडे जातो. आयनीभूत वायू चुंबकीय क्षेत्राशी घट्ट जखडला जातो, त्याच्यातली खळबळ आणि घर्षण अनेक पटींनी वाढते. शेजारच्या भागाला ही उष्णता लागून तोही पेटतो आणि तापमानाची लाट सगळ्या चकतीभर फिरते. कृष्णाच्या अंगठ्याला पाणी लागले ते हे. साठलेला वायू आता भराभर आत कोसळतो, त्यातून सुटणारी ऊर्जा चकतीला उजळवते आणि ३७० हून अधिक प्रकाशवर्षे दूर असलेल्या आंजर्ल्यात मला १२ च्या जागी ८ लिहावे लागतात. पुढे बाहेरच्या कडेकडचा वायू विरळ झाला की तो थंड होऊ लागतो, अणू पुन्हा जुळतात आणि थंडीची लाट कडेकडून आत येते. चकती विझते. पाझरणे मात्र या सगळ्या काळात एकसारखे चालूच असते.

प्याल्याचा दृष्टांत एका बाबतीत तोकडा पडतो, तेही सांगायला हवे. प्याला पुरता रिकामा होतो. चकती होत नाही. एका उद्रेकात तिच्यातला थोडाच वायू श्वेत बटूवर जातो, बाकीचा पुढल्या खेपेसाठी तेथेच राहतो. शिवाय प्याला दर वेळी सारखाच वागतो. एस एस सिग्नीचे काही उद्रेक आखूड असतात, काही लांब, आणि ते बरेचदा आलटून-पालटून येतात. काही वेळा तो झटकन चढण्याऐवजी आठवडाभर रेंगाळत चढतो, कारण लाट चकतीच्या कोणत्या भागातून निघाली यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

चकतीतच हा बिघाड होतो, हा विचार जपानी शास्त्रज्ञ योजी ओसाकी यांनी १९७४ मध्ये मांडला. तेव्हा दुसरा पक्षही जोरात होता. त्याचे म्हणणे असे, की चकती निर्दोष आहे, नारिंगी ताराच मधूनमधून जास्त वायू ओततो. म्हणजे प्याल्यात काही युक्ती नाही, ओतणाऱ्याचा हात हलतो. हायड्रोजनच्या आयनीभवनाची वर सांगितलेली साखळी १९८० च्या आसपास स्पष्ट झाल्यावर ओसाकी यांचे पारडे जड झाले. हात हलतो हे म्हणणे मला कधी पटले नाही, पण त्यात माझ्या प्याल्याच्या प्रेमाचा वाटा किती आणि भौतिकशास्त्राचा किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

येथे एक गल्लत टाळायला हवी. उत्तर मुकुटातला टी कोरोनी बोरिआलिस १८६६ आणि १९४६ मध्ये दहाव्या प्रतीवरून दुसऱ्या प्रतीपर्यंत चढला, किंवा भुजंगधारीतला आर एस ऑफ्युची ऑगस्ट २०२१ मध्ये नुसत्या डोळ्यांनी दिसला, तो प्रकार वेगळा. तेथेही श्वेत बटू आणि वायू ओतणारा जोडीदार आहे, पण भडका उडतो तो श्वेत बटूच्या पृष्ठभागावर साचलेल्या हायड्रोजनच्या अणुभट्टीचा. एस एस सिग्नीच्या भडक्यात काहीही जळत नाही. जे दिसते ते पडणाऱ्या वायूचे तेज. म्हणूनच याला आणि याच्या भाईबंदांना खुजे नवतारे म्हणतात. मराठी वर्तमानपत्रे दोहोंना सरसकट 'ताऱ्याचा स्फोट' म्हणतात, ते वाचून मला दर वेळी चहा कडू लागतो.

या ताऱ्याच्या बाबतीत खरी चुरस झाली ती अंतरावरून, आणि ती गोष्ट मला सर्वांत प्रिय आहे. १९९९ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांतून त्याचे अंतर १६६ पार्सेक, म्हणजे सुमारे ५४० प्रकाशवर्षे ठरले. आकडा हबलचा, तेव्हा तो सहसा कोणी खोडून काढणार नव्हते. पण तारा तितका दूर असेल तर तो मुळात तितकाच जास्त तेजस्वी असला पाहिजे, आणि तितके तेज हवे तर नारिंगी ताऱ्याकडून येणारी धार इतकी मोठी मानावी लागे की चकती कधी थंड होऊच शकणार नाही. नळ जोरात सोडला तर वसुदेवाच्या प्याल्यातूनही धार अखंडच वाहील. थांबून थांबून वाहणार नाही. म्हणजे अंतर खरे असेल तर प्याल्याची कल्पना खोटी, आणि ज्या ताऱ्याला या जातीचा नमुना मानले जात होते त्यालाच ती लागू पडत नाही, अशी पंचाईत झाली.

अंतर पुन्हा मोजण्याचा मार्ग रेडिओ दुर्बिणींचा होता. हजारो किलोमीटरवर पसरलेल्या दुर्बिणी एकत्र जोडून पृथ्वीच्या सूर्यप्रदक्षिणेमुळे ताऱ्याच्या जागेत भासणारा सूक्ष्म फरक अतिशय नेमका मोजता येतो. पण एस एस सिग्नी एरवी रेडिओ लहरींत मुकाच असतो; उद्रेकाच्या सुरुवातीलाच तो पुरेसा बोलतो. म्हणजे उद्रेक सुरू झाल्या झाल्या, एक-दोन दिवसांत, खंडोखंडीच्या दुर्बिणी त्याच्याकडे वळवायला हव्यात, आणि तो कधी सुरू होईल ते कोणालाच सांगता येत नाही. ते सांगितले हौशी निरीक्षकांनी. १९११ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेचे सभासद रात्रीमागून रात्री पाळत ठेवत होते. कोणाच्या तरी अंगणात तारा चढताना दिसला की निरोप जात होता आणि दुर्बिणी वळत होत्या. २०१० ते २०१२ या काळातल्या अशा वेधांवरून २०१३ मध्ये अंतर जाहीर झाले: ११४ पार्सेक, सुमारे ३७२ प्रकाशवर्षे. तेज निम्म्याहून खाली आले, धार बारीक झाली आणि प्याला पुन्हा जागेवर बसला. पुढे गाया उपग्रहानेही जवळजवळ हाच आकडा दिला.

३७२ वर्षांच्या वाटेवर, पन्नास दिवसांना एक या हिशेबाने, सुमारे २७०० भडक्यांचा प्रकाश या घडीला एकामागोमाग एक आपल्याकडे यायला निघालेला आहे. हे गणित मी एकदा कॅलेंडरच्या पाठीमागे केले आणि नंतर बराच वेळ ते कॅलेंडर उलटेच टांगलेले राहिले.

या जातीच्या ताऱ्यांशी भारताचाही जुना संबंध आहे. एस एस सिग्नीच्या चाळीस वर्षे आधी, डिसेंबर १८५५ मध्ये, जॉन रसेल हाइंड यांना मिथुन राशीत यू जेमिनोरम सापडला. खुज्या नवताऱ्यांमधला हा पहिला. पुढल्या वर्षी तो उजळलेला असताना नॉर्मन पॉगसन यांनी त्याचे वेध घेतले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट, हे आज सर्वत्र चालणारे मापही याच पॉगसन यांचे, १८५६ सालचे. १८६१ मध्ये ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख होऊन आले आणि १८९१ मध्ये तेथेच वारले. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी मछलीपट्टणमहून पाहिले. त्याच ग्रहणाची आठवण म्हणून आमच्या कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि लॉकयर साहेबांनी हेलियम तेथूनच शोधला असे सांगतात. हेलियमचे नाव ज्यांच्याशी जोडले जाते ते लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा ऑक्टोबरात तिकडूनच टिपली, असे मी एकदा किल्ल्यावर बोलून गेलो. त्यानंतर त्या सहलीत माझ्याशी फारसे कोणी बोलले नाही.

पॉगसन पगारी होते. राधागोविंद चंद्र नव्हते. आताच्या बांगलादेशातल्या जेसोरमध्ये कोषागारात नोकरी करणारा हा माणूस रात्री रूपविकारी तारे मोजत असे. त्यांनी सुमारे ३७ हजार नोंदी अमेरिकेतल्या त्या संघटनेकडे पाठवल्या आणि त्यांचे काम पाहून संघटनेने १९२६ मध्ये त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवून दिली. पुढे ती खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे आणि कावलूरच्या वेधशाळेत गेली. दिवसा सरकारी खजिन्याचा हिशेब आणि रात्री ताऱ्यांचा, असा तो संसार असणार. माझीही दुर्बीण सहा इंची आहे. माझ्या नोंदी मात्र अजून तीन आकड्यांतच आहेत.

याचे खापर मी पावसाळ्यावर फोडतो, आणि ते पुरते खोटे नाही. हंस रात्रभर आकाशात असतो तो ऑगस्टमध्ये. त्या महिन्यात आम्हाला आकाशच नसते. मृग लागला की आभाळ खाली उतरते ते हस्तापर्यंत वर जात नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरले, तेव्हा दापोलीच्या किनाऱ्यालाही त्याने झोडपले. वाड्यांतल्या सुपाऱ्या आणि नारळ आडवे झाले आणि गावात कित्येक दिवस वीज नव्हती. त्या काळोखात, पडलेल्या माडांमुळे उघडे झालेले उत्तरेचे आकाश एका पहाटे तासभर निवळले. छपरावर ताडपत्री बांधायची राहिली होती, आरसा पुसायला कोरडे फडके घरात नव्हते, तरीही मी वेध घेतला. इतका काळा आकाशपट मी आमच्या खळ्यातून त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही. शेजारचे काका कंदील घेऊन आले, माझ्याकडे पाहून काही न बोलता कंदिलाची वात त्यांनी बारीक केली आणि पडवीत जाऊन बसले.

त्याच सुमारास ताराही बिघडत होता. २०२१ च्या सुरुवातीला एस एस सिग्नीने असे काही केले जे त्याच्या सव्वाशे वर्षांच्या नोंदीत जवळजवळ दिसले नव्हते: तो खाली १२ पर्यंत उतरेना आणि वर ८ पर्यंतही नीट चढेना, मधल्या प्रतींत लहान-लहान हेलकावे खात राहिला. मी एप्रिलच्या पहाटे ईशान्येकडे, झावळ्यांच्या फटीतून त्याला गाठत होतो आणि जी प्रत येत होती तिच्यावर माझाच विश्वास बसत नव्हता. पहिल्या वर्षीची तीन आठवड्यांची फजिती आठवून मी नकाशा तीनदा फिरवून पाहिला. तारा तोच होता. प्याला पुरता भरतही नव्हता आणि रिताही होत नव्हता, त्याचे पाणी अंगठ्याच्या आसपासच हिंदकळत होते. मे महिन्यात तौक्ते वादळ आले, मग पाऊस, आणि माझ्या वहीत पुढची पाने ऑक्टोबरपर्यंत कोरी आहेत. त्या काळातला आलेख मला परक्यांच्या नोंदींवरून पाहावा लागला: जपान, युरोप, अमेरिका, कुठे कुठे कोरडे आकाश असलेली माणसे. माझे चार-पाच ठिपके त्यांत एप्रिलअखेरपर्यंत दिसतात.

तेव्हापासून दसऱ्याच्या सुमारास पहिली नजर टाकताना पोटात जरा गोळा येतो. यंदा पहिल्या रात्री दव इतके पडत होते की दर पाच मिनिटांनी आयपीसवर फुंकर घालावी लागत होती, आणि समुद्रावरच्या मासेमारी नौकांच्या एलईडी दिव्यांनी पश्चिमेचे क्षितिज पांढुरके झाले होते. ७५ सिग्नी सापडला. तेथून ईशान्येकडे सरकलो, नकाशा उलटा धरला, शेजाऱ्यांचा छोटा चौकोन जुळवला आणि त्याच्या जागी मला आधी काहीच दिसले नाही. मग नजर किंचित बाजूला वळवली, मंद तारा पाहताना वळवतात तशी, आणि तो तेथे होता: अगदी बारीक, असून नसल्यासारखा. तुलनेच्या दोन ताऱ्यांमध्ये चार वेळा ये-जा केली. आई ओटीवरून म्हणाली, "सापडला का?" मी टॉर्चच्या लाल कागदाखाली ११.९ लिहिले आणि म्हणालो, "सापडला. भरतोय अजून."